कारण निवडा

शाळेच्या फाटकावर तो डोळा बसवला
तेव्हा त्याचं कनेक्शन म्याच देल्लं.
दोन क्लिपा, एक एमसीबी, पाच मिंटाचं काम.
हेडमास्तर म्हणाले, मुनेश्वर,
आता पोट्टं आत आलं का तुमच्या खिशात वाजंन.
मले बरंच वाटलं.
मी दिवसभर खांबावर, त्याची माय जिनिंगमंधी,
कोणाची तं नजर पाहिजे.

अन् वाजे.
दहा वाजून बारा मिंट, सुमेध पोचला.
दोन वाजता, भूगोलाचा गृहपाठ अपूर्ण.
तुरीच्या सोंगणीत तोंड रापलं होतं त्याचं,
तं त्या डोळ्याले दोनदा दाखवा लागे,
मांगं पोट्ट्यायची लाईन लागे.

गणिताचे मार्क मले डीपीपाशी कळले.
पंचवीसपैकी सात, लाल अक्षरात.
पेपर त्याच्या बाकावर याचाच होता अजून.
संध्याकाळी तो सायकल भिताडाले टेकवते न टेकवते
तं मीच म्हणलं, सात?
तोंड उघडलं होतं त्यानं, काहीतरी सांगाले.
तसंच मिटलं.
सात नसंनही सांगत तो.
वर्गात साप निघाला असंन,
नाहीतं सरचा चष्मा फुटला असंन.
ते आता कसं कळंन.
तवापासून इचारलं, काय झालं रे आज,
तं म्हणते, आलं असंन ना मोबाईलवर.

त्याच्या मायनं त्या मेसेजले
कोंबड्याची रिंग लावली.
सरकीच्या धुळीत, मशीनीच्या घरघरीत
कोंबडा आरवला का तिचा जीव ठिकाण्यावर.
एक दिवस आरवलाच नाही, नेटवर्क गेलं होतं.
टोपलं टाकून ती तशीच निघाली,
केसात कापूस, पायात काही नाही,
थेट नववीच्या दारात.
तो होता. पहिल्याच बाकावर.
अख्खा वर्ग हासला.
तो हासला नाही,
अन् चार दिवस मायसंग बोललाही नाही.

परवा अडाणच्या काठची लाईन होती,
परमिट घेऊन मी वर चढलो.
पट्टा कमरेले बांधला अन् खिसा थरथरला.
आपला पाल्य सुमेध आज गैरहजर आहे.
कारण निवडा.
एक, आजारी. दोन, लग्नकार्य.
तीन, शेतीकाम. चार, इतर.

खाली पाहलं.
हरभऱ्याच्या धुऱ्यावर त्याची सायकल आडवी,
अन् तो नाल्यात पाय सोडून, एकटा.
बिडी पाहली मी आधी. मंग मोबाईल. मंग पोरगी.
बापच तो, दुसरं काय पाहीन.
काहीच नव्हतं.
घाटे सोलून दाणा तोंडात टाके,
टरफल पाण्यात सोडे,
ते वळणाआड जाईपर्यंत पाहे,
मंग दुसरं.
किती टरफलं सोडली, मोजली नाही म्या.
खरं सांगतो, मोजाले लागलो होतो.
मंग वाटलं, मीही त्या फाटकावरचाच होऊन राहिलो,
अन् तोंड ताराकडं फिरवलं.

चार दाबलं.
खाली एक चौकोन उघडला,
कृपया तपशील द्या.
दातानं हातमोजा ओढला,
एका बोटानं लिवलं,
लाईन बंद होती.
मंग जिनिंगमंधी फोन लावला,
आज कोंबड्याची वाट नको पाहू,
शाळेत करंटच नाही.

पावणेसहाले तो घरी आला, शाळेतून आल्यावानी.
चार्जिंगले लावलेल्या माह्या मोबाईलकडं पाहलं,
माह्याकडं पाहलं.
मी पक्कड पुसत बसलो होतो.
जेवणं झाली. मायनं भांडे घासले.
लय वेळानं म्हणाला,
बाबा, औंदा हरभरा चांगला आला.

कोण्या वावरात रे? म्हणलं मी,
जसं काही मले ठाऊकच नाही.
अन् तो सांगाले लागला.